चुकीच्या जागी शिवलेलं पान

मित्रांनो, मी यज्ञेश्वर सरांची टिपणांची जुनी वही. माझ्यामुळे जे घडलं, त्याची मला आजही लाज वाटते.

सर पुण्याला शिकत होते, तेव्हा त्यांनी माझ्यात पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा इतिहास उतरवून घेतला. आधी सॉक्रेटिस, मग पुढचे सगळे. सत्तेचाळीस साली ते नगरच्या एका कॉलेजात शिकवायला लागले, तोवर माझी शिवण उसवली होती. बाइंडरने नवा पुठ्ठा घातला आणि त्या नादात एक पान भलत्याच जागी शिवलं. मला ते कळलं होतं. पण नव्या पुठ्ठ्याची ऐट होती. मी गप्प बसले.

सर वाचत, मुलं मान खाली घालून लिहून घेत. "सरांची वही म्हणजे सोनं," असं ती म्हणायची आणि मी फुगायचे. एका फ्रेंच तत्त्वज्ञाचा डोळ्याकानांवर भरवसा नव्हता. ते फसवतात, असं त्याचं म्हणणं. पान चुकल्यामुळे मात्र लगेच पुढे यायचं, की डोळ्याकानांना कळतं तेवढंच खरं. हे मत दुसऱ्याच कुणाचं होतं. पहिल्या वर्षी कुणी हूं की चूं केलं नाही.

दुसऱ्या वर्षी काष्टीचा गोरक्ष उभा राहिला. शेतकऱ्याचा मुलगा, घरातून कॉलेजात आलेला पहिलाच.

"सर, डोळे फसवत्यात म्हन्ला, मंग डोळ्यांनी दिसतं त्येच खरं कसं? येकच मानूस दोन्ही कसं म्हनंल?"

वर्ग हसला. सर चिडले. "हा काष्टीचा बैलबाजार नव्हे, दात बघून घ्यायला. मुकाट्याने लिहून घे!"

सहामाही परीक्षेत त्याच फ्रेंच तत्त्वज्ञावर प्रश्न आला. बाकी सगळ्यांनी माझी चूक जशीच्या तशी लिहून मार्क मिळवले. गोरक्षने लिहिलं, 'हे मला पटले नाही, म्हणून लिहीत नाही.' सरांनी शून्य दिलं. तो नापास झाला आणि गावी निघून गेला.

ते एक वाक्य काही सरांच्या मनातून जाईना. त्यांनी मला पुन्हा उघडलं आणि या वेळी खरोखर वाचलं. पानांवरचे आकडे पाहिले. त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, वाळवीने खाऊन टाकावं आपल्याला.

रविवारी मला काखेत घेऊन सर दौंडच्या गाडीने काष्टीला गेले. गोरक्ष कांद्याला पाणी देत होता.

"चूक माझी होती, गोरक्ष. वहीत एक पान भलत्याच जागी शिवलं गेलंय," सर उभ्याउभ्याच म्हणाले. "उद्या वर्गात सगळ्यांसमोर सांगणार आहे. तू परत ये."

गोरक्षने हातातलं खोरं बांधाला टेकवलं. मग म्हणाला, "सर, मंग त्या पानावर खरं काय हुतं?"

सरांनी ते पान उघडलं, दोन ओळी वाचल्या आणि मला मिटलं. "मी नुसतं उतरवून घेतलंय रे. मलाही नीट कळलेलं नाही."

मला बांधावर ठेवून दोघं विचार करत बसले.

मित्रांनो, आम्हाला कव्हरं घाला, वाळवीपासून जपा. पण कुणी शंका विचारली, तर आमच्याकडे बोट दाखवून त्याला खाली बसवू नका. गोरक्ष परत आला. पहिल्या वर्षीची मुलं मात्र माझी चूक खरी मानून पास होऊन गेली. काही आता मास्तरही झाली असतील. त्यांना मी कुठे गाठू?