मी, मिस्त्रींच्या रक्तातली पहारेकरीण

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी पेशी आहे. मला मान नाही, नाहीतर ती केव्हाच खाली घातली असती. तोंडही नाही, त्यामुळे ते कुठे लपवायचे हा प्रश्न आपोआप मिटला. तुम्ही आजवर फाटक्या छत्रीची आणि बंद पडलेल्या घड्याळाची कहाणी ऐकली असेल. त्या बिचाऱ्यांना लोकांनी अडगळीत टाकले. माझे उलटे झाले. मला कोणी टाकले नाही. मला पोसले, सांभाळले, पहाऱ्यावर नेमले, आणि मी मात्र राहत्या घराचेच नुकसान केले.

ते घर म्हणजे एक माणूस. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. जळालेल्या विजेच्या मोटरी ते नव्या तारेने भरून देत. दुकान लांबट, अरुंद होते. एका भिंतीला तांब्याच्या तारेची रिळे, दुसऱ्या भिंतीला उघडलेल्या मोटरी, आणि मागे तारेवर चढवलेले वार्निश सुकवायची भट्टी; त्या थराविना तार जळते. त्या वार्निशचा वास मिस्त्रींच्या कपड्यांना कायमचा चिकटलेला होता. त्यांची मुलगी कॉलेजातून आली की मोटरीच्या खाचांमध्ये तारेखालचा कागद बसवायला मदत करी. तिचे खरे नाव कागदोपत्री असेल ते असो, मिस्त्री तिला ठकी म्हणत.

माझा जन्म त्यांच्या हाडांतल्या मगजात झाला. तिथून मला शाळेत पाठवले. आमची शाळा छातीच्या हाडामागच्या एका छोट्या ग्रंथीत भरते. अभ्यास एवढाच: शरीरातल्या पेशी आपल्या अंगावर इवल्या ताटल्या धरून उभ्या असतात आणि आत काय चालले आहे त्याचे तुकडे त्यांत मांडतात. तुकडा घरचा असेल तर गुपचूप पुढे जायचे. परका असेल तर बोंब मारून फौज गोळा करायची. परीक्षा मात्र कडक असते. घरच्या तुकड्यावर जी ओरडेल तिला तिथल्या तिथे संपवतात. माझ्या वर्गातल्या बहुतेक जणी नापास झाल्या. मी पास झाले, कारण नसांवरच्या वेष्टनाचा तुकडा माझ्यापुढे कोणी नीट मांडलाच नाही. न आलेल्या प्रश्नाच्या जोरावर पास झालेला विद्यार्थी स्वतःला पंडित समजतो ना, तशी मी ऐटीत बाहेर पडले.

या ताटल्यांचा आकार माणसागणिक वेगळा असतो. तो आईवडिलांच्या जनुकांतून येतो, नाकाडोळ्यांसारखाच. मिस्त्रींकडे आईकडून आलेली एक ताटली होती. तिच्यात काही तुकडे ठळक बसत, काही बसतच नसत. त्या ताटलीत वाईट काहीच नव्हते. तिच्यामुळेच तर माझे नाव झाले.

मिस्त्री तेव्हा तरुण होते, दुसऱ्याच्या दुकानात काम शिकत होते. त्यांना जबर ताप आला. गळ्याच्या गाठी सुजल्या, घोटभर पाणी गिळवेना. एक विषाणू आत शिरला होता. आईच्या त्या ताटलीत त्याचा तुकडा दिसला आणि मी जी ओरडले, की सगळी फौज धावून आली. माझ्या एकीच्या हजार जणी झाल्या. मिस्त्री उठून कामावर गेले आणि मला बढती मिळाली. मी स्मृती-पेशी झाले. म्हणजे त्या शत्रूचा चेहरा जन्मभर लक्षात ठेवायचा, तो पुन्हा दिसला की पहिला आवाज माझा. रक्तातून फिरताना बाकीच्या मला वाट करून देत. खोटे कशाला सांगू, मला ते फार आवडे.

पुढे बरीच वर्षे काही घडले नाही. बसून खाणारीला काम करून दाखवायची घाई असते. मेंदू आणि पाठीच्या कण्याच्या दारावर पहारा असतो, आम्हाला तिथे सहसा सोडत नाहीत. पण एकदा दार किलकिले झाले आणि मी इतरांबरोबर आत घुसले. मानेच्या मणक्यांपाशी एका ताटलीत मला एक तुकडा दिसला. तसाच बाक, तसेच टोक. मला वाटले, तोच तो तापाचा शत्रू, इथे लपून बसलाय. मी क्षणभर थांबून नीट पाहायला हवे होते. मी पाहिले नाही. ओरडले.

मित्रांनो, मी स्वतः कोणाला चावत नाही. मी फक्त बोंब मारते, चावणाऱ्या दुसऱ्या असतात. हे मी सुटका करून घ्यायला सांगत नाही. उलट त्याचीच जास्त लाज वाटते. त्या माझ्या शब्दावर विश्वास ठेवून तुटून पडल्या आणि त्यांनी जे खाल्ले ते मिस्त्रींच्या नसांवरचे वेष्टन होते. कुंपणानेच शेत खाल्ले, आणि कुंपणाला वाटत होते आपण राखण करतोय.

याची किंमत मी एका सकाळी पाहिली. कपडे धुण्याच्या दुकानाची मोटर भरून तयार होती. मिस्त्रींची एक पद्धत गिऱ्हाइकांना ठाऊक होती. मोटर चालवून झाली की ते तिच्या अंगावर उजव्या हाताची पालथी बाजू टेकवत. पालथ्या हाताला ऊब लवकर कळते. त्यांनी "गार आहे" म्हटले की कोणी दुसरी तपासणी मागत नसे. मिस्त्रींचा हात हीच दुकानाची हमी होती. त्या दिवशीही त्यांनी हात टेकवला आणि धुलाईवाल्याशी गप्पा मारत तसाच ठेवला.

"बघा, कशी थंडगार चालतेय. घेऊन जा बिनघोर," ते म्हणाले.

ठकीला वास आला. तिने पाहिले तर मोटरीतून धुराची बारीक रेघ निघत होती आणि बाबांचा हात अजून तिच्यावरच होता. तिने तो ओढून काढला. कातडी पांढरी पडून फुगली होती.

"बाबा, भाजतंय तुम्हाला. कळत नाही का?"

मिस्त्रींनी हाताकडे असे पाहिले, जणू तो दुसऱ्याचाच आहे. मग तो खिशात घातला. धुलाईवाल्याला म्हणाले, "दोन दिवस द्या. एक कॉइल चुकली असेल." कॉइल चुकली होती हे खरेच. तार भरताना बोटांना ती नीट लागलीच नव्हती.

त्यानंतर ते रोज म्हणू लागले, "ठके, हात लाव बघू. सांग, गरम की गार? शिकायला नको का तुला?" ठकी हात लावून सांगे आणि तिला वाटे बाबा आपल्याला धंदा शिकवतायत. मला खरे माहीत होते. ज्या माणसाच्या हातावर गिऱ्हाइके डोळे मिटून भरवसा ठेवत, तो मुलीचा हात उसना घेत होता आणि तिला कळू देत नव्हता. चोरी माझी होती आणि तोंड लपवत होते ते.

ठकी काही दूधखुळी नव्हती. एक दिवस तिने मुद्दाम बंद मोटरीला हात लावला आणि म्हणाली, "चांगलीच तापलीय." मिस्त्रींनी मान डोलावली.

"बाबा, ही सकाळपासून बंद आहे," ती म्हणाली. "चला दवाखान्यात."

तिथे एका मोठ्या यंत्रात घालून मिस्त्रींच्या मेंदूची आणि मानेची चित्रे काढली. त्यांत पांढरे डाग होते. डॉक्टरबाईंनी आजाराचे नाव सांगितले, मल्टिपल स्क्लेरोसिस. मिस्त्रींनी चित्र बराच वेळ न्याहाळले.

"तार शाबूत आहे, वार्निश गेलंय. असंच ना?"

"जवळजवळ असंच. काही ठिकाणी तारही थोडी दुखावलीय."

"मग नवीन भरून मिळतं का?"

"नाही हो. थोडंफार शरीर आपणच भरून काढतं. पण आणखी जळू नये म्हणून औषध आहे. लवकर सुरू केलं तर हात वाचवता येईल. उशीर नको."

मग त्यांनी एक विनंती केली. हा आजार होणाऱ्यांच्या रक्तातल्या पेशींवर आणि ताटल्यांच्या जनुकांवर त्यांचे संशोधन चालले होते. औषध सुरू होण्याआधीचे रक्त हवे होते, आणि जमल्यास मुलीचेही. मिस्त्रींचा चेहरा उतरला.

"माझी आई शेवटी शेवटी भिंत धरून चालायची," ते खाली बघत म्हणाले. "आम्ही म्हणायचो, अशक्तपणा. आता कळतंय. तिच्याकडून मला आलं, माझ्याकडून हिला. बापानं पोरीला काय दिलं, तर हे."

"तुमच्या आईंना काय होतं ते आता सांगता येणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि हे जनुक पुष्कळांमध्ये असतं, त्यातल्या बहुतेकांना जन्मात काही होत नाही. एकट्या जनुकानं हा आजार होत नाही. तुम्ही सांगितलेला तरुणपणचा तो ताप, आणखी काय काय, सगळं जुळून यावं लागतं. ते कसं जुळतं हेच तर शोधतोय."

ठकीने बाही वर केली होती. "बाबा, तुमच्याकडून मला हे नाकही आलंय. त्याची कधी माफी मागितलीत? घ्या हो बाई रक्त."

मिस्त्री हसले नाहीत, पण त्यांनीही बाही वर केली. त्या नळीतून मी बाहेर आले.

प्रयोगशाळेत मला गरगर फिरवले, गाळले, आणि उबदार पेटीत छोट्या वाट्यांमध्ये ठेवले. एका वाटीत मिस्त्रींना आईकडून आलेल्या ताटलीसारख्याच ताटलीवर तापाच्या विषाणूचा तुकडा मांडला होता. मी ओळखला आणि ओरडले. दुसऱ्या वाटीत तीच ताटली, पण नसांच्या वेष्टनाचा तुकडा. इथे ना शाळा होती ना घाई. मी पाहिजे तेवढा वेळ पाहू शकत होते. मी पाहिले. आता मला माहीत होते की हे घरचे आहे, याच्यावरच ओरडून मी त्या हाताचे वाटोळे केले. आणि तरीही मी ओरडले. मला थांबता येत नाही, मित्रांनो. माझी घडणच तशी आहे. त्या दिवशीइतकी शरम मला कधी वाटली नाही.

मिस्त्री औषधाच्या दुसऱ्या खेपेला आले तेव्हा डॉक्टरबाईंनी दोघांना सूक्ष्मदर्शकापाशी नेले. मिस्त्रींनी डोळा लावला. ज्यांच्या घरात मी आयुष्य काढले, त्यांनी मला पहिल्यांदाच पाहिले.

"हीच का ती?"

"हिच्यासारख्या आणखी असतील. आणि हे अजून थोड्याच लोकांच्या रक्तात दिसलंय, शेकडो जणांत तपासायचंय. पण ही दोन्ही वाट्यांत ओरडते. तापाच्या विषाणूवरही आणि तुमच्या नसांच्या वेष्टनावरही."

"म्हणजे त्या तापातून मला उठवलं ते हिनंच?"

"हिच्यासारख्यांनीच."

मी शिव्यांची वाट पाहत होते. त्या मिळाल्या असत्या तर थोडे हलके वाटले असते. मिस्त्री म्हणाले, "एवढीशी. आणि राबतेय बिचारी, चुकीच्या पत्त्यावर." मग त्यांनी डोळा बाजूला केला आणि उजव्या हाताची पालथी बाजू त्या उबदार पेटीच्या दारावर टेकवली. डॉक्टरबाई तिथेच उभ्या होत्या, दोन विद्यार्थीही होते. मिस्त्रींनी हात खिशात घातला नाही.

"ठके," ते सर्वांदेखत म्हणाले, "मला कळत नाहीये. गरम आहे का गं?"

ठकीने त्यांच्या हाताशेजारी आपला हात ठेवला. "कोमट आहे, बाबा."

त्यांनी मान डोलावली आणि ते औषध घ्यायला गेले. ठकीच्या रक्तातही ती ताटली निघाली, असे पुढे माझ्या कानावर आले. ती दुकानात येते, मोटरी तपासते आणि गिऱ्हाइकांना हात दाखवून "आता हमी माझी" असे सांगते म्हणे. मिस्त्रींचा हात पूर्वीसारखा झालेला नाही. पण आणखी बिघडलेलाही नाही.

मित्रांनो, लाज वाटायची असेल तर ती माझी मला वाटू द्या. ती आजारी माणसाच्या वाट्याला नको, आणि त्याच्या आईच्या तर मुळीच नको. तुमच्या घरात कोणी उगाचच विचारू लागले, बघ बरे हे गरम आहे का, तर हसू नका. उठा, हात लावा, आणि असेल ते खरे सांगा.