माझ्या अंगावरचा शेंदूर

मी शिवाजी पेठेतल्या एका तालमीच्या दारातला दगड बोलतोय. तो नारळ खाली ठेवा, पावणं! मी देव नव्हे. किती वर्षं हेच बोंबलतोय, पण शेंदराखालून आवाज कुणाला ऐकू जाणार?

मी खाणीतला साधा काळा दगड. दुसऱ्या महायुद्धात या तालमीतली पोरं पलटणीत भरती झाली आणि ब्रह्मदेशात लढायला गेली. जी परत आली नाहीत, त्यांची नावं तालमीनं पाथरवटाकडून माझ्या छातीवर कोरून घेतली.

त्यातलं एक नाव गुंडू. तो गेला तेव्हा त्याची लेक, चिमणा, आईच्या पोटात होती. बापानं लेकीला पाहिलं नाही, लेकीनं बापाला. ना फोटो, ना राख. आईनं तिला कडेवर घेऊन माझ्याजवळ आणलं, तिचं इवलंसं बोट धरून त्या अक्षरांवरून फिरवलं आणि म्हणाली, "ह्यो तुझा बा." चिमणा शाळेत गेली नाही, पण ते नाव तिच्या बोटाला पाठ झालं. हळद लागली त्या दिवशीसुद्धा ती आधी माझ्याकडे आली होती.

पुढे एका वर्षी तालमीतल्या मारुतीला लावून शेंदूर उरला, तो कुणा शहाण्यानं मला फासला. झालं! दुसऱ्या दिवशी हार, शनिवारी तेल, मग नवस. चिमणाबाई भांडली, तिला कोण विचारतो? थरावर थर चढले. पास कर, नोकरी लाव, फुटबॉलची मॅच जिंकून दे! अरे, मी कप्पाळ जिंकून देणार? तुमच्याच पेठेची पोरं लढाईत मेली, त्यांची नावं गाडून वर माझ्याकडे मागणं मागता? नुसता संताप होतो.

आता मला संगमरवरी देव्हारा बांधतायत. आज सकाळी गवंड्याचा हातोडा जरा जोरात बसला आणि शेंदराची अख्खी खोळ निखळून पडली. सगळी नावं उघडी!

"देवानं खोळ टाकली!" एकच गलका झाला. मोबाइल निघाले, घंटा वाजली. नावं वाचली कुणी? एकानंही नाही. ऐंशी ओलांडलेली चिमणाबाई तेवढी गर्दीतून रेटत आली आणि तिनं बरोबर त्या नावावर बोट ठेवलं.

तालमीचा अध्यक्ष धैर्यशील शेंदराची वाटी घेऊन आला. "आजी, हात काढा. देव उघडा ठेवायचा न्हाय."

"देव न्हाय रं, माझा बा हाय त्यो. एवढं नाव तरी ऱ्हाऊ दे की."

"पर लोकांची श्रद्धा हाय. मी काय करू?"

"मग मला त्यो दुसरीकडं कुठं भेटंल, सांग की!"

धैर्यशील गडी वाईट नाही. त्याची मान खाली गेली. पण मागून लोक ओरडले, "लाव रं, लाव!" आणि त्यानं लावला. तिनं बोट काढलं नाही. त्यानं बोटावरूनच लावला.

गुंडूला ब्रह्मदेशात शत्रूनं मारलं. इथं त्याच्याच पेठेत तुम्ही त्याला मारताय, आणि तेही हात जोडून! उद्या या नावांवर संगमरवरी फरशी बसेल, मग सगळंच संपलं. अरे, खरवडा मला! पाप लागलं तर माझ्या माथी मारा. म्हातारी अजून समोरच्या पायरीवर बसून आहे.