मिरचीचा भागाकार

मुकादमाने पहारीने गटाराचं झाकण सरकवलं आणि नाकाला रुमालही न लावता आत डोकावून पाहिलं. "या बाई, आजपण दुष्काळच आहे," तो म्हणाला.

ती वाकली. खाली करंगळीएवढी धार वाहत होती. साथीमुळे बाजारगल्ली दुसऱ्यांदा बंद होऊन पाच आठवडे झाले होते. साठ-पासष्ट दुकानं, त्यांतली माणसं, त्यांची गिऱ्हाइकं, सगळी आपापल्या घरी. गटाराला पाणी येणार कुठून? तिने दोरीला बांधलेली बाटली खाली सोडली. भरायला नेहमीच्या दुप्पट वेळ लागला. मग तिने बूच घट्ट लावलं, तारीख-वेळ लिहिली आणि बाटली बर्फाच्या डब्यात ठेवली.

माणूस खोकायला लागण्याच्या आधीच साथीचा विषाणू त्याच्या पोटातून गटारात उतरतो. त्यामुळे कुठल्या भागात काय शिजतंय हे डॉक्टरांच्या आधी गटाराला कळतं, आणि गटाराकडून तिला. सोमवारी आणि गुरुवारी बाटल्या भरायच्या, लॅबमध्ये मोजायच्या आणि शुक्रवारी सकाळी पालिकेतल्या साहेबांच्या टेबलावर एक आकडा ठेवायचा. आकडा ठरलेल्या रेषेच्या वर गेला की गल्ली बंद, खाली आला की उघडी. साहेबांना एकच आकडा लागायचा. दोन दिले की त्यांचं डोकं दुखायचं.

त्या गल्लीतलं चौथं दुकान तिच्या धाकट्या भावाचं होतं. सलून. समोर दार, मागे खिडकी, मध्ये तीन खुर्च्या. "या शुक्रवारी उघडायचं ठरलं नाही ना ताई, तर खुर्च्या विकतो आणि गोदामात ओझी उचलतो," असं तो रविवारी म्हणाला होता. भाऊ बोलताना नेहमीच एक माप जास्त टाकायचा, त्यामुळे तिने ते मनावर घेतलं नसतं. पण विकायच्या म्हणून तिन्ही खुर्च्यांचे फोटो त्याने काढून ठेवले होते, समोरून एक आणि बाजूने एक. ते तिने त्याच्या फोनमध्ये पाहिले होते.

सोमवारचा आकडा रेषेखाली आला होता. आजचाही येणार, हे ती धार बघूनच कळत होतं. म्हणजे गल्ली उघडणार, खुर्च्या राहणार. सगळं छान. फक्त मिरचीपाशी घोडं पेंड खात होतं.

मिरचीच्या झाडावर एक विषाणू असतो. माणसाला तो काही करत नाही. मिरची खाल्ली की पोटात जातो आणि जसाच्या तसा बाहेर पडतो. मिरची कोण खात नाही? म्हणून बाटलीत तो किती सापडला यावरून त्या पाण्यात किती माणसांचा वाटा आहे याचा अंदाज येतो. साथीच्या आकड्याला मिरचीच्या आकड्याने भागलं की माणशी रोग किती ते कळतं. न भागता नुसता आकडा वाचणं म्हणजे लग्नघरात आणि रिकाम्या घरात किती शिंका ऐकू आल्या ते मोजून, कुठलं घर आजारी ते ठरवण्यासारखं.

हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मिरची मोजायचं रसायन तिने तेव्हाच मागवलंही होतं. पण ते बनवणारी कंपनीच बंदीत बंद झाली. कंपनी उघडली तेव्हा कुरियर बंद होतं. कुरियर सुरू झालं तेव्हा कंपनीत निम्मी माणसं आजारी होती. "मिरचीचं नंतर बघू, रोगाचा आकडा द्या," साहेब म्हणाले होते आणि ती पाच महिने देत आली होती.

रसायन गेल्या आठवड्यात आलं. तिने फ्रीजरमधल्या जुन्या नळ्या काढल्या, तीन दिवस बसून सगळ्यांची मिरची मोजली आणि काल संध्याकाळी भागाकार केला. बाजारगल्लीचा, आणि त्या गल्लीतली बरीच माणसं जिथे राहत होती त्या मागच्या वसाहतीचाही.

पहिल्या बंदीत भागाकार दोन्हीकडे उतरला होता, खराखुरा. म्हणजे बंदीचा उपयोग झाला. दुकानं उघडल्यावर तीन आठवडे तो जागचा हलला नाही, मग हळूहळू चढला. इथवर ठीक होतं. पण या दुसऱ्या बंदीत गल्लीचा आकडा निम्म्यावर आला होता आणि मिरची तिसऱ्या हिश्श्यावर. म्हणजे भागाकार दीडपट. वसाहतीत त्याहून जास्त. औषध तेच, रोगी तोच, आणि एकदा गुण आला, एकदा नाही. तिने भागाकार पुन्हा करून पाहिला. तेच आलं.

"काय बाई, कुठे हरवलात?" मुकादमाने विचारलं. तो झाकण बसवायला वाकला आणि तिला त्याची मान दिसली. मानेवर केसांची पट्टीने आखल्यासारखी रेषा होती.

"मुकादम, केस कुठे कापले?"

"घरीच की."

"घरी कोणी कापले?"

तो उभा राहिला आणि तिच्याकडे बघून हसला. "चेष्टा करता काय? तुमच्या भावाने. वसाहतीत सगळ्यांचे तोच कापतो आता. दाराशी येतो बिचारा, पिशवी घेऊन. आमच्याकडे आला तेव्हा माझे झाले, दोन मुलांचे झाले, मग शेजारचे दोघे येऊन बसले. म्हटलं, बसा, तेवढ्याच गप्पा."

"खिडकी उघडी होती?"

"संध्याकाळी डास येतात ना बाई."

दुपारी लॅबच्या जिन्यात उभं राहून तिने भावाला फोन लावला. तो आधी म्हणाला की असं काही नाही, मग म्हणाला की एक-दोन घरं, मग म्हणाला, "दिवसाला सात-आठ. मग काय करू? लोकांनी काय जटा वाढवून हिमालयात जायचं?"

"मास्क लावतोस?"

"मी लावतो. गिऱ्हाइकाने लावला तर कल्ले कसे कापू? कानाला दोरी असते, ताई."

"आणि एका घरी किती वेळ?"

"एका डोक्याला अर्धा तास. पण एक डोकं कधी नसतंच. आणि मी एकटा नाही हं. शिंपी घरी जाऊन मापं घेतो. चष्मेवाला घरी जाऊन डोळे तपासतो. बंद फक्त शटरं आहेत." मग त्याचा आवाज उतरला. "ताई, खरं सांग. मी पसरवतोय का?"

हा प्रश्न ती सकाळपासून स्वतःला विचारत होती. "माहीत नाही," ती म्हणाली.

"माहीत नाही म्हणजे? तू शिकलीस कशाला एवढी?"

"म्हणजे तू पसरवत असशील. किंवा कंटाळून लोक एकमेकांकडे जेवायला जात असतील आणि तुझा काही संबंध नसेल. किंवा दोन्ही. गटारात नावं नसतात रे."

"दुकानात बरं होतं की मग. पुढे दार, मागे खिडकी, वारा आरपार. सांग ना तुझ्या साहेबाला."

तिला ते पटत होतं. आणि पटत होतं म्हणूनच तिला स्वतःचा भरवसा वाटेना. खुर्च्यांचे फोटो पाहिले नसते तरी हे तितकंच पटलं असतं का? कदाचित असतं. नुसता आकडा साहेबांना दिला तर गल्ली सोमवारी उघडत होती, तिने फक्त गप्प बसायचं होतं. भागाकार दिला तर गल्ली बंद राहणार. आणि गल्ली बंद राहिली की भाऊ घरोघर जाणार, आणि घरोघर जाण्यानेच भागाकार वाढत असला तर? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

शुक्रवारी साहेब खुशीत होते. "रेषेखाली!" त्यांनी कागद पाहताच टेबलावर थाप मारली. "सोमवारपासून गल्ली उघडू. दुकानदार रोज माझ्या नावाने खडे फोडतायत."

"साहेब, तो नुसता आकडा आहे," ती म्हणाली आणि दुसरा कागद पुढे सरकवला. मग तिने मिरची समजावून सांगितली. साहेबांनी शांतपणे ऐकलं. ते मूर्ख नव्हते, फक्त दमलेले होते.

"म्हणजे रोग वाढतोय."

"माणशी बघितलं तर, हो."

"म्हणजे बंदच ठेवायचं."

"तसंही नाही. बंद असतानाच वाढलाय."

"मग उघडायचं?"

"उघडल्यावर कमी होईल असं हा कागद म्हणत नाही. गेल्या वेळी उघडल्यावर वाढलाच होता, फक्त उशिरा."

साहेबांनी चष्मा काढून ठेवला. "बाई, दार आहे ते. एक तर उघडं असतं, नाही तर बंद. मला तुम्ही तिसरं काहीतरी सांगताय."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांचे केस कानापाशी नेटके उतरले होते आणि डावा कल्ला उजव्यापेक्षा नखभर वर होता. भाऊ डावखुरा होता. पंधरा वर्षं लोक त्याला हे सांगत होते आणि पंधरा वर्षं तो म्हणत होता की तुमचा कानच वाकडा आहे.

"साहेब, केस कुठे कापलेत?"

साहेबांचा हात आपोआप मानेवर गेला. "घरी. एक जण येतो. का?"

"खिडक्या?"

"एसी लावला होता." ते बोलता बोलता थांबले. "अच्छा. तुम्हाला म्हणायचंय की दुकानं बंद केली आणि धंदा घरांत शिरला."

"शिरला हे नक्की. त्यामुळेच वाढतंय का, हे नक्की नाही."

"मग असल्या माणसांवर आधी कारवाई करायला हवी. दारोदार फिरतात म्हणजे काय! त्याचा नंबर आहे माझ्याकडे."

"माझ्याकडेही आहे," ती म्हणाली. "माझा भाऊ आहे तो."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे, मग परत तिच्याकडे.

"म्हणजे तुम्हाला गल्ली उघडायला हवी आहे."

"हो."

"पण तुमचा हा भागाकार तर उघडू नका म्हणतोय."

"हो."

"आणि हा तुम्हीच आणलात. आणला नसतात तर सोमवारी उघडलीच असती."

"हो."

"मग आणलात कशाला?"

"कारण तो बरोबर आहे," ती म्हणाली. "त्यातून काय करायचं ते मात्र कळत नाही."

साहेबांनी पेनचं टोपण काढलं. "मला एवढंच कळलं की रोग वाढतोय," ते म्हणाले. "वाढत असताना उघडली आणि उद्या कोणी दगावलं तर तुमची मिरची माझ्या मदतीला येणार नाही. बंद. आणखी दोन आठवडे." त्यांनी सही केली. मग जरा ओशाळून म्हणाले, "भावाचं नाव मी कुठे लिहिलं नाहीये."

भावाने पहिल्याच रिंगला फोन उचलला. तिने सांगितलं, बंद. त्याने विचारलं, आकडा तर खाली आला होता ना? तिने सगळं सांगितलं, काही न गाळता.

"वा, ताई," तो म्हणाला. "घरचा भेदी म्हणतात ते यालाच. परक्याने केलं असतं तर निदान शिव्या तरी घातल्या असत्या."

"घाल."

"जाऊ दे. आई ऐकते आहे इथे." मग तो म्हणाला, "दोन खुर्च्यांना गिऱ्हाईक आहे. देऊन टाकतो. तिसरी ठेवतो, हलकी आहे. बरं, ते राहू दे. उद्या सकाळी मास्तरांकडे जायचंय. ऐंशीच्या घरात आहेत, शब्द दिलाय. जाऊ की नको, ते तू सांग."

नको जाऊस, हे शब्द तिच्या ओठावर होते. "तू नाही गेलास तर ते काय करतील?"

"दुसऱ्याला बोलावतील. पलीकडचा एक आहे. तो खोकतोपण."

"त्यांच्याकडे गच्ची आहे?"

"आहे."

"मग त्यांना गच्चीवर बसव. वारा बघ कुठून येतो. तो तुमच्या दोघांच्या मधून आडवा जायला हवा. तुझ्याकडून त्यांच्याकडे नको, त्यांच्याकडून तुझ्याकडे नको."

"वारा काय माझा नोकर आहे?"

"त्यांना बोलू देऊ नकोस."

"मास्तरांना? चाळीस वर्षं बोलण्यावरच पोट भरलंय त्यांनी."

"आणि मागूनच काप. समोर जाऊ नकोस."

"ताई, डोक्याला पुढची बाजूही असते."

"पुढचे त्यांना आरशात बघून कापू दे."

"म्हणजे मी निम्मंच डोकं कापायचं?"

तिने खरोखर विचार केला. "हो. निम्मं."

"आणि असं केलं की काही होत नाही?"

"असं मी म्हटलेलं नाही. बंद खोलीपेक्षा बरं असावं."

"असावं?"

"असावं."

पलीकडे काहीतरी शोधल्याचा आवाज आला, ड्रॉवर उघडला, बंद झाला. "थांब, लिहून घेतो," भाऊ म्हणाला. "पुन्हा सांग. वारा कुठून?"

ती खिडकीपाशी गेली. समोरच्या दोरीवरचे कपडे आधी डावीकडे उडाले, मग उजवीकडे, मग नुसते लटकत राहिले.

"थांब जरा," ती म्हणाली.