दिवाणाच्या पोटातली सप्तपदी

मित्रांनो, मी कोण ते नंतर सांगते, आधी पत्ता ऐका. भांडुप, टेंभीपाडा, तिसरा मजला, बाहेरची खोली, दिवाणाचं पोट. तिथे मी कितीतरी महिने पडून होते. पडून कसली, कोंडून.

मी एक जुनी पत्र्याची पेटी. जन्म साकीनाक्याचा. एका अंधाऱ्या गाळ्यात पत्रा कापायचे, कडा वळवायचे, ठोकायचे. मला घडवताना कोणी हळू हात लावला नाही, आणि त्याबद्दल मी रडत बसणार नाही. ठोकल्याशिवाय पत्र्याची पेटी होत नाही. पण कोंडल्याने काय होतं, ते मला विचारा.

सुलक्षणाच्या आईने मला निळा रंग दिला आणि लेकीच्या रुखवतात मांडलं. रुखवत म्हणजे लग्नात मुलीकडची माणसं हौसेने मांडतात ते हातकाम. इतरांच्या रुखवतात स्टीलचे डबे चमकतात. माझ्यात कागद होता, कारण सुलक्षणाच्या बोटांत कागद होता. कागदाची तुळस, कागदाची पालखी, पाकळी पाकळी वळवलेला मोगरा. शेजारच्या मालनताई म्हणायच्या, "सुलू, हे कागदाचं? चल, थापा मारू नकोस!" आणि खरोखर नखाने खरवडून बघायच्या.

माझ्या पोटात प्रत्येक वस्तूला घर होतं. चकलीच्या जुन्या डब्यात कापलेल्या पट्ट्या. काजळाच्या डबीत फटीच्या सुया. त्या फटीत पट्टी अडकवून गुंडाळली की फूल होतं. कातरी उजव्या कडेला. लांब पट्ट्या गुंडाळायला लाकडी कांड्या, त्या सासऱ्यांनी दिलेल्या. सासरे दशरथ मूळचे मालवणकडचे, कापडगिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे. गिरणी बंद पडली तेव्हा पिशवीभर सुताच्या रिकाम्या कांड्या घेऊन घरी आले होते. शेवटच्या कोपऱ्यात खळीचा डबा आणि मोरचुदाची पुडी. मैद्याची खळ शिजवताना चिमूटभर मोरचूद टाकलं नाही तर कागदाला कसर लागते. कसर म्हणजे तो चंदेरी, सरपटणारा किडा. खळ लावलेला कागद त्याला पक्वान्न.

सुलक्षणाचा नियम एकच होता. डोळे मिटून हात घातला तरी हवी ती वस्तू हाताला लागली पाहिजे. याला म्हणतात आवरणं. शिका जरा.

आता तिचा नवरा देवेश. माणूस वाईट नाही. हे मुद्दाम सांगते, कारण वाईट माणसाने केलेलं नुकसान निदान लगेच दिसतं तरी. याचं ऑफिसचं काम घरून चालायचं. टेबलावर लॅपटॉप, चार्जर, वायरींचं कडबोळं, चहाच्या कपांचे गोल डाग. त्याचं नाव काम. जमिनीवर मी, कागद, कातरी आणि त्यांच्यामध्ये मांडी घालून बसलेली सुलक्षणा. त्याचं नाव पसारा.

"सुलू, पसारा आवर ना यार. पाय ठेवायला जागा नाही."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की माझ्या पत्र्यावर कोरलं गेलं असतं.

मग त्याने सुलक्षणाच्या वाढदिवसाला भेट आणली. खाली भरपूर जागा असलेला दिवाण. "बघ, सगळं आत मावतं! घर कसं झकास दिसेल!" तिने विचारलं, "अरे, रोज गादी उचलून पेटी काढायची का मी?" तो म्हणाला, "रोज लागते कशाला?" आणि स्वतः आवरायला बसला. मोरचुदाची पुडी उघडून ओरडला, "हे निळं विष घरात? वेडी झालीस का?" पुडी कचऱ्यात गेली. मी आत गेले. वरून फळी, फळीवर गादी, गादीवर नवी चादर. पाहुणे म्हणाले, किती नीटनेटकं घर! देवेश म्हणाला, मी आवरण्यात कसर ठेवली नाही. खोटं बोलला. माझ्यात ठेवली होती.

तेव्हा माझ्या पोटात एक अर्धवट काम होतं. देवेशची भाची श्रुतिका मुलुंडला राहते. तिच्या रुखवतात मामीच्या हातची कागदी सप्तपदी हवी, हा शब्द सुलक्षणाने तिला लहानपणीच दिलेला. लग्न ठरलं आणि काम सुरू झालं. सात पावलांपैकी चार झाली होती.

सुरुवातीला सुलक्षणा गादी उचलून मला काढायची. आणि मग दशरथबाबांची उजवी बाजू गेली. त्यांना आणून खिडकीजवळ निजवलं, त्याच दिवाणावर, माझ्या बरोबर वर. घरातले त्यांची कूस बदलायचे, चादर बदलायचे, पण पडतील या भीतीने खाली कोणी उतरवायचं नाही. त्या दिवसापासून फळी उचलली गेली नाही.

मित्रांनो, अंधार वाईट नसतो. माणसांचे आवाज ऐकू येतात आणि आपण त्यांना दिसत नाही, ते वाईट असतं. वर बाबा कण्हत होते. बाजूला सुलक्षणा त्यांना पेज भरवत होती. खाली माझ्यात खळ ओलसर होत होती. वाट लागली होती तिघांचीही. कसर चालताना ऐकू येत नाही म्हणतात. एकदा कोंडून घ्या स्वतःला, येते.

एका दुपारी सुलक्षणाचा हात फळीच्या कडेला आला. मला तिच्या बांगड्या कळल्या. पण तो हात मागे गेला. सासरा अंथरुणाला खिळलाय आणि हिला कागद सुचतोय, असं म्हणायला माणसं टपलेलीच असतात. तिला कोणी कुलूप लावलं नव्हतं. शरमेचं कुलूप दिसत नाही, एवढंच.

श्रुतिकाचा फोन यायचा. "मामी, माझी सप्तपदी कुठवर आली गं?"

"चाललंय, चाललंय."

कुठे चाललंय? पावलं माझ्यात सडतायत!

लग्न तोंडावर आलं तेव्हा देवेश म्हणाला, "एवढं काय टेन्शन घेतेस? दादरहून रेडीमेड रुखवत आणू."

"आण ना. सांग तिला, मामीचा शब्द पण रेडीमेडच होता."

"टोमणे कशाला मारतेस? कर मग तू! पेटी कुठे ठेवलीयस?"

"मी ठेवलीय?" सुलक्षणाचा आवाज चढला. "तू ठेवलीस! बाबांच्या खाली आहे!"

मग वरून बाबांचा जड, अडखळणारा शब्द आला.

"माझ्या खाली काय आसा?"

"काही नाही बाबा, तुम्ही पडा," देवेश म्हणाला.

"तुका नाय इचारलंय. सुलू, तू सांग गो."

"श्रुतिकाची सप्तपदी आहे, बाबा. अर्धी."

"माझ्या नातीचां रुखवत माझ्या पाठीखाली, आनी माका कोणी सांगूक नाय? माका काय कोंबडी समाजलात, अंड्यार बसवलेली? उठवा माका. खुर्चीत बसवा."

"बाबा, पडाल!"

"पडतलो? अरे, पडलेलोच आसंय मां मी!"

मालनताईंना हाक मारली. तिघांनी मिळून त्यांना खुर्चीत बसवलं. फळी उघडली आणि मला उजेड दिसला.

आता टाळ्या वाजवू नका. माझं झाकण उघडून सुलक्षणाने एकेक वस्तू बाहेर काढली. कातरी गंजलेली. खळीला बुरशी. चार पावलांतल्या दोहोंची चाळण झालेली, हात लावताच भुगा. देवेश वाकून बघत होता. तोंडातून निघालं, "ती निळी पुडी..." आणि पुढचं त्याने गिळलं. खाली उतरला आणि मोरचूद घेऊन आला. टेबलावरचा लॅपटॉपही त्याने स्वतः उचलला.

कांड्यांवरच्या पट्ट्या मात्र शाबूत होत्या. त्यांना खळ लागलेली नव्हती. सुलक्षणा दिवाणावरच पसरून बसली. होय, पसरून! नवीन पाऊल चिकटवलं की सुकेपर्यंत वजन लागतं, नाहीतर कागद वळतो. ती वजन शोधायला उठली, तर बाबांनी डाव्या हाताने स्वतःचा उजवा हात उचलून पुढे केला.

"ह्यो हात घे. काय कामाचो नाय, पण जड आसा."

सुलक्षणाने तो हात पावलावर ठेवला. हसली, आणि डोळे पुसले. उरलेली सगळी पावलं त्या हाताखाली सुकली.

सप्तपदी मांडवात मांडली गेली. श्रुतिकाच्या सासरच्या एका बाईने नखाने खरवडून बघितलं, तेव्हा मालनताई म्हणाल्या, "कागदच आहे हो, फाडाल!"

लग्नाहून आल्यावर देवेश सवयीने म्हणाला, "आता पेटी आत टाकू ना?"

"टाक," बाबा खुर्चीतून म्हणाले. "बाजूक माका पण टाक. दोघांक एकमेकांची सोबत."

आता मी खिडकीखाली आहे. बाबांच्या खुर्चीला टेकून. माझ्यावर त्यांच्या औषधांचं ताट असतं, आणि दुपारी सुलक्षणा ते उचलून झाकण उघडते.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी सांगतात, आम्हाला जपा. मी तसं सांगणार नाही. मला जपूनच ठेवलं होतं, म्हणून तर किडे लागले. मला वापरा. घरात कोणाच्या कामाला पसारा म्हणण्याआधी स्वतःचं टेबल बघा. आणि एखाद्या दिवाणावर कोणी आजारी माणूस निजलेलं असेल, खाली काही अडकलेलं असेल, तर परस्पर ठरवू नका. त्याला विचारा. त्याला ठाऊक नसेल. पण विचारलंत, तर तो उठेल.