निळ्या पिंपातली पिल्लं

शेडमागच्या निळ्या पिंपातला आवाज तिसऱ्या दिवशीही थांबला नव्हता.

सौंदर्यानं दहा महिन्यांच्या रक्षिताला कडेवर घेतलं, तिचा एक कान आपल्या खांद्याला टेकवला आणि दुसऱ्यावर तळहात धरला. लेकरू दोन दिवस नीट दूध पीत नव्हतं. दात येत असतील, असं घरातले म्हणत. सौंदर्याला कारण वेगळंच वाटत होतं, पण सांगितलं असतं तर हसले असते. बी.ए. झालेली सून पिल्लांच्या चिवचिवाटाला भ्यायली म्हणून.

कुरुंदवाडच्या अलीकडे, मळ्यात, तिच्या नवऱ्यानं, शशिधरनं, कोंबड्यांची शेड घातली त्याला वर्ष होत आलं होतं. २००३ साल ते. कंपनी एका दिवसाची पिल्लं आणून द्यायची, खाद्य द्यायची आणि बेचाळीस दिवसांनी गाडीत भरून न्यायची. घरात अंडंसुद्धा शिजत नव्हतं. सगळी गळ्यात लिंग बांधलेली माणसं. सासूबाई रत्नव्वा आल्यागेल्याला सांगायच्या, "आपण खात न्हाय, कापत न्हाय. पाळतोय की फकस्त."

अडचण यायची ती पहिल्या आठवड्यात. अडीच हजारांत पन्नासेक पिल्लं अधू निघायचीच. कुणाचे पाय फाकलेले, कुणाची मान वाकडी. कंपनीचा सुपरवायझर मोटरसायकलवरून उतरायच्या आधीच ओरडायचा, "ती काढून टाका, रोग पसरंल!" काढून टाका म्हणजे माना मोडा. ते या घरात कुणाच्या हातून होणार? म्हणून शशिधर ती घमेल्यात वेचायचा, शेडमागच्या रिकाम्या पिंपात सोडायचा, वर झाकण सरकवायचा. "आपोआप जातात," म्हणायचा. गेली की चुना टाकून खड्ड्यात.

या खेपेला ती जातच नव्हती. का, ते सौंदर्यानं काल दुपारी पाहिलं. रत्नव्वा झाकण उचलून आत मूठभर खाद्य टाकत होत्या. मग वाटीभर पाणी. मग हात जोडले.

"अव्वा, हे काय करताय?"

"जीव हाय तवर उपाशी ठिवायचं व्हय गं? पाप लागतंय."

सासूबाईंचे डोळे पाण्यानं भरले होते.

तेव्हापासून तो आवाज तिच्या मागेच लागला. भाकरी थापताना परातीतून यायचा, हातपंप हापसताना दांड्यातून यायचा. रक्षिता झोपली की सौंदर्या तिच्या नाकाखाली बोट धरून बसायची आणि त्या इवल्या श्वासातही तिला तेच ऐकू यायचं, बारीक, चिवट, कुणाला तरी हाक मारणारं.

शेवटी ती शेडमध्ये गेली. कामाला येणारी तानूबाई वाकून भुसा हलवत होती.

"तानूमावशी, त्या पिंपातल्यांचं तेवढं तुम्ही कराल? एकदाचं सुटू देत."

तानूबाईचा हात थांबला नाही. "मी का?"

"नाही, म्हणजे, तुम्हांला सवय..."

"कशाची वो सवय? मी महिन्यातनं एकदा कोंबडं आणतो, ते बी दुकानात कापून मिळतंय." मग ती ताठ उभी राहिली. "आमी खातोय म्हणून मारायचं काम आमचं. तुमी खात न्हाईसा म्हणून तुमचं हात सवळ्यातलं. आनि शेड कुणाची, वैनी?"

सौंदर्याचं तोंड तापलं. रक्षिता कुरकुरायला लागली.

तानूबाईनं लेकराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. पदराचं टोक पिळून तिनं पिल्लाच्या मानेएवढं केलं. "हितं डोस्कं, दोन बोटांत. हात फुडं न्यायचा, एकदाच, जोरात. भीत भीत केलंसा तर त्याचंच हाल. आना ती पोरगी हिकडं. मी धरतो."

सौंदर्यानं झाकण काढलं तेव्हा आतून वाफेसारखा वास आला. मेलेल्यांच्या थरावर सोळा-सतरा जिवंत होती. उजेड पडताच सगळ्यांनी माना वर केल्या, चोची उघडल्या. त्यांना वाटलं, खाद्य आलं.

पहिलं पिल्लू तिच्या हातून नीट झालं नाही. ते मुठीत फिरत राहिलं, तिला पुन्हा करावं लागलं. त्याचं ते फिरणं तिच्या तळहाताला आजन्म आठवणार होतं. त्यानंतर तिनं चूक केली नाही. तोंडानं काहीतरी पुटपुटत होती. देवाचं नाव होतं की माफी, तिचं तिलाच कळलं नाही.

पिंप गप्प झालं. आणि मग पत्र्याच्या पलीकडून शेडमधल्या बाकीच्या पिल्लांचा आवाज आला, तस्साच. वर्षभर तिला तो बरकतीचा आवाज वाटायचा.

शशिधर तासाभरानं आला. तिनं सांगितलं. तो क्षणभर गांगरला, मग त्याचे खांदे सैल पडले. "बरं झालं. मला ते झाकण लावताना कसंतरीच व्हायचं. आता तूच करत जा. तुला जमलं की."

"आदी आंगोळ कर," रत्नव्वा आतून म्हणाल्या. "मग लेकराला घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कपडे पिळत असताना शशिधरनं तिच्यापुढे घमेलं ठेवलं. आत नऊ पिल्लं. आणि तो वळला.

"अहो, थांबा."

तिनं हात पुसले, त्यातलं एक उचललं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं. "दोन बोटांत डोकं. एकदाच, जोरात. भिऊ नका, त्याचे हाल होतात."

"माझ्यानं न्हाय व्हायचं."

"माझ्यानंही होत नव्हतं."

"सौंदर्या, आपण मारणारी माणसं न्हवं."

"मग बेचाळीस दिवसांनी गाडीत भरून देतो, ती कुठं जातात? वाडीला, देवाच्या दर्शनाला?"

रत्नव्वा दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"एक तरी करा," सौंदर्या म्हणाली, "मग पुढचं ठरवा. नाही झालं, तर शेडचं काय करायचं ते बसून बोलू. पण पिंपात टाकू देणार नाही मी. आणि एकटी करणारही नाही."

बाहेर मोटरसायकल थांबली. सुपरवायझर वही फडफडवत आत आला. "शशिधरअण्णा, पुढची बॅच अडीच हजारच धरू न्हवं? हितं सही मारा." त्यानं पेन पुढे केलं. "धरा की अण्णा!"

शशिधरचा उजवा हात रिकामा नव्हता. मुठीच्या उबेला पिल्लानं डोळे मिटले होते. त्यानं बायकोकडे पाहिलं, आईकडे पाहिलं.

"अण्णा?"

सौंदर्यानं पिल्लू त्याच्या हातातून घेतलं नाही.