सूज उतरेपर्यंत

छातीभर पाण्यात ताई उभी होती आणि तिच्या डाव्या तळव्यावर सहा वर्षांची एक मुलगी पालथी तरंगत होती. "पाय सरळ ठेव. मी धरलंय," ताई म्हणाली, आणि त्याच क्षणी तिची करंगळी आपोआप हलू लागली. मग शेजारचं बोट. मग अख्खा पंजा मनगटापासून झटके देऊ लागला. मुलीला वाटलं, ताई गुदगुल्या करतेय. ती हसली आणि हसता हसता तिच्या नाकातोंडात पाणी गेलं. ताईने उजव्या हाताने तिला उचलून काठावर बसवलं, पाठ थोपटली आणि डावा हात पाण्याखाली मांडीशी दाबून धरला. मिनिटभराने तो शांत झाला.

बावीस वर्षं ती या तलावावर पोहायला शिकवत होती. तिशीतले बापसुद्धा तिला ताईच म्हणत, कारण त्यांनाही तिनेच शिकवलं होतं. पाण्याची भीती कशी घालवायची हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्या दिवशी तिला स्वतःच्या हाताची भीती वाटली आणि तिने ती कुणालाच सांगितली नाही. नवऱ्याला म्हणाली, हात जरा अवघडलाय. पुढचे दोन दिवस ती रोजच्यासारखी पाण्यात उतरली. फक्त मुलांना डाव्याऐवजी उजव्या हातावर घेत राहिली.

तिसऱ्या दिवशी गच्चीवर कपडे वाळत घालताना ती कोसळली. शुद्धीवर आली तेव्हा जीभ चावली गेली होती आणि डोकं नवऱ्याच्या मांडीवर होतं. नवरा छापखान्यात मुद्रितं तपासायचा. त्याची त्या दिवशी सुट्टी होती. "आज मी घरी होतो म्हणून," एवढंच तो म्हणत राहिला. वाक्य काही पुरं होईना.

इस्पितळातली डॉक्टरीण वयाने लहान होती, पण घाई न करता बोलायची. मेंदूचे फोटो उजेडावर लावून तिने तीन ठिपके दाखवले. पोटात जंत होतात, त्यातल्याच एका जातीच्या या अळ्या. कुणाच्या तरी न धुतलेल्या हातांतून, पाण्यातून किंवा कच्च्या भाजीतून अंडी पोटात गेली असणार, तीही बहुधा काही वर्षांपूर्वी. असे जंत मांसातून होतात, असं ताईने ऐकलं होतं. तिने आयुष्यात मांसाला हात लावला नव्हता, तसं ती म्हणालीही. त्याचा इथे संबंध नाही, असं डॉक्टरीण म्हणाली.

"एवढी वर्षं काहीच कसं झालं नाही?" ताईने विचारलं.

"त्या जिवंत असताना तुमच्या शरीराला आपला पत्ताच लागू देत नाहीत. गुपचूप बसतात. आता यातली एक मरायला लागलीय. शरीराला कळलंय की घरात कुणीतरी परकं आहे, म्हणून ते तिच्यावर तुटून पडलंय. फिट आली ती त्या सुजेमुळे."

"म्हणजे सूज माझंच शरीर आणतंय?"

"हो."

"आणि उरलेल्या दोन?"

"त्यांना औषधाने मारायचंय. मरताना त्यांच्याभोवतीही सूज येईल. ती आवरायला दुसरं औषध आधीपासून देऊ. पहिला आठवडा तुम्ही माझ्या नजरेसमोर राहायचं."

ताईने फोटोकडे पाहिलं. दोन ठिपके निवांत होते. त्यांना तसंच राहू दिलं तर ते केव्हा मरतील, हे कुणी सांगू शकत नव्हतं. मारायचं म्हटलं तर लढाई तिच्याच डोक्यात होणार होती.

त्याआधी डोळे तपासायचे होते. डोळ्यात एखादी अळी असेल तर हे औषध देता येत नाही, कारण तिथली सूज नजर घेऊन जाते. अंधाऱ्या खोलीत डोळ्यांचे डॉक्टर प्रखर दिवा धरून आधी एक, मग दुसरा डोळा तपासत राहिले. ताईने खुर्चीचे हात घट्ट धरून ठेवले. डोळे स्वच्छ निघाले.

गोळ्या सुरू झाल्या. पहिले दोन दिवस काहीच झालं नाही, आणि त्या काही न होण्यानेच ती जास्त घाबरली. नवरा शेजारी बसून औषधासोबत इस्पितळाने दिलेला सूचनांचा कागद वाचायचा. भीतीने त्याला काही सुचेना, तेव्हा त्याने पेन्सिल काढून त्या कागदावरचे ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले. ताईला हसू आलं. त्या आठवड्यातलं तेवढंच एक हसू.

तिसऱ्या सकाळी कवटी आतून कुणी रुंदावत असावं तसं डोकं ठणकू लागलं. ओकारी झाली. मग डावी करंगळी हलली. या वेळी ती शुद्धीत होती. बोटामागून बोट, मग मनगट, मग कोपर. झटका दंडाकडे चढत होता आणि तो खांद्याच्या वर गेला की आपण उरणार नाही, हे तिला कळत होतं.

"अहो," ती म्हणाली, "मी गेले तर तलावावरच्या त्या सहा वर्षांच्या मुलीच्या आईला सांगा. तिला धरलं असतानाच माझा हात पहिल्यांदा हलला. मला माहीत होतं, तरी मी दोन दिवस पाण्यात उतरले."

परिचारिकेने शिरेतून औषध सोडलं. झटका खांद्यापाशी थांबला, जरा घुटमळला आणि ओसरला. सुजेचं औषध वाढवलं गेलं. आठवड्याने ताई घरी आली.

नवऱ्यावर तो निरोप द्यायची वेळ आली नव्हती, म्हणून ती स्वतःच सांगायला गेली. मुलीची आई तलावाच्या फाटकाशी उभी होती. ताईने काही न लपवता सगळं सांगितलं. "सांगितलंत ते बरं केलंत," बाई म्हणाल्या आणि मुलीचा हात घट्ट धरून तिला घेऊन गेल्या. ती मुलगी पुन्हा आली नाही.

पुढच्या फोटोत अळ्यांच्या जागी बारीक खडे राहिले होते. ते खडेही कधी त्रास देऊ शकतात, म्हणून फिटच्या गोळ्या चालूच ठेवायच्या होत्या. पाण्यात उतरायचं नव्हतं. किती दिवस, ते डॉक्टरीण पुढे पाहून सांगणार होती. तलावाच्या कचेरीत ताईला नोंदवही सांभाळायचं काम मिळालं. तिथल्या खिडकीतून नुसता पाण्याचा आवाज यायचा.

घरी न्हाणीघराची कडी लावायचीही तिला मनाई होती. सकाळी ती दार नुसतं लोटून घ्यायची आणि पाटावर बसून तांब्याने अंगावर पाणी ओतायची. नवरा बाहेर, दाराकडे पाठ करून, मुद्रितं मांडीवर घेऊन बसायचा. पाण्याचा आवाज थांबला की त्याची पेन्सिलही थांबायची.

"आहेस ना?"

"आहे," ती आतून म्हणायची आणि पुन्हा बादलीत तांब्या बुडवायची.