नावं नसलेली यादी

कारखान्यात क्रेन चालवणारा, सगळे ज्याला पहिलवान म्हणत तो, तपासणीच्या खोलीच्या दारातच थांबला. दार चांगलं रुंद होतं. पूर्वी त्या खोलीत पाइपांचे नमुने ठेवत असत. फोरमनने पाठवलं म्हणून तो आला होता, आणि आलोय एवढं दाखवून त्याला परत फिरायचं होतं.

“बसा,” सिस्टर म्हणाल्या. “दोन मिनिटांचं काम आहे. बोटाला मुंगी चावल्यासारखं होईल, बस.”

“मला काही झालेलं नाही, सिस्टर. दगड खाल्ला तरी पचतो.”

वर क्रेन उभी आहे, लोक खोळंबलेत, असं काहीतरी पुटपुटत त्याने पाय काढता घेतला. सिस्टरांनी हातातली सुई पुन्हा डब्यात ठेवली. सकाळपासून आलेला तो तिसरा माणूस होता. आधीच्या दोघांपैकी एक डोकेदुखीची गोळी मागायला आला होता आणि दुसरा पंख्याखाली बसायला.

कारखाना पाइप बनवायचा. माणसं चारशेच्या वर. सहा महिन्यांपूर्वी सरकारी आरोग्य विभागाने आणि कारखान्याने मिळून ठरवलं होतं, की माणसं दवाखान्यात येत नाहीत तर दवाखान्याने त्यांच्याकडे जावं. खोली, यंत्रं आणि कामाच्या वेळेतला अर्धा तास कारखान्याचा. औषधं, डॉक्टरांचा सल्ला आणि सिस्टर सरकारच्या. साखर, रक्तदाब, वजन, कमरेचा घेर. उद्‌घाटनाला दोन्हीकडचे साहेब आले, फोटो निघाले. दुसऱ्या दिवसापासून सिस्टर आणि पंखा, दोघंच उरले.

सिस्टरांची नोकरी एकतीस वर्षांची. सगळा जन्म लसी टोचण्यात आणि बाळंतिणींच्या मागे धावण्यात गेलेला. कधी कुणाशी वाकड्यात शिरल्या नाहीत. वरून कागद आला की सही करायची आणि कामाला लागायचं, हा त्यांचा खाक्या. निवृत्तीला दीड वर्ष उरलं असताना ही खोली वाट्याला आली, तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या होत्या, चला, आता निवांत.

पण रिकामं बसणं त्यांना सोसेना. दुपारी त्या पॅकिंगमधल्या बायकांबरोबर डबा खायला बसू लागल्या. आठवडाभर इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर त्यातली वयाने मोठी बाई हळूच म्हणाली, की माणसं येणार नाहीत. ज्याची साखर निघेल त्याचं नाव मॅनेजर साहेबांकडे जातं, असं सगळे म्हणतात. आणि नाव गेलं की माणूस गेला.

सिस्टरांना हसू आलं, मग आलं तसं गेलं. कारण दर महिन्याच्या शेवटी यादी द्यावी, असा निरोप मॅनेजर साहेबांनी खरंच पाठवला होता. त्यांनी तो फारसा मनावर घेतला नव्हता, इतकंच.

दुसऱ्या दिवशी त्या साहेबांच्या खोलीत गेल्या. साहेब वयाने त्यांच्या धाकट्या भावाएवढे, बोलायला सरळ. त्यांनी आधी पाणी मागवलं आणि मग आपली अडचण सांगितली. क्रेनवर बसलेला माणूस लोकांच्या डोक्यावरून पाच टनांचा माल नेतो. त्याला वर चक्कर आली तर खाली काय होईल? नावं कळली नाहीत तर ती जबाबदारी कुणाची?

प्रश्न खोटा नव्हता.

“यादी दिली तर उद्यापासून त्या खोलीत फक्त धडधाकट माणसं येतील, साहेब,” सिस्टर म्हणाल्या. “आजारी माणूस वरच राहील. क्रेनवर.”

पुढे काय करायचं याचा विचार त्यांनी केलेला नव्हता. तो त्यांनी तिथेच, खुर्चीच्या कडेवर बसून केला. यादी द्यायची, पण नुसत्या आकड्यांची. कुणाचं काम जाणार नाही, पगार कापला जाणार नाही, हे लेखी हवं. ज्याचं काम धोक्याचं आहे त्याला डॉक्टर सांगतील तितके दिवस खालचं काम द्यायचं, त्याच पगारावर. त्याला खाली उतरवायचं ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, आणि चिठ्ठीत आजाराचं नाव नसेल.

साहेब म्हणाले, हे माझ्या एकट्याच्या हातात नाही. वर विचारावं लागेल.

त्याच संध्याकाळी सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी सिस्टरांना फैलावर घेतलं. मोठ्या मुश्किलीने कारखाना तयार झालाय, आणि तुम्ही कुणाला विचारून अटी घालून आलात? सिस्टरांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. शेवटी एवढंच विचारलं, की अट चुकीची आहे का. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला, आणि त्या अटींचं पत्र कारखान्याला स्वतः लिहिलं.

बारा दिवस लागले. तेराव्या दिवशी दोन्हीकडच्या सह्यांचा कागद खोलीच्या दारावर चिकटला. लोक जाता येता वाचत. एकाने तर बोटाने शाई घासून पाहिली.

पहिल्यांदा पॅकिंगच्या बायका आल्या, मग त्यांनी ढकललेले पुरुष. पहिलवान आला तो महिनाभराने, सगळे जेवायला गेलेले पाहून. या वेळी तो बसला. बोट पुढे केलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

यंत्रावर तीनशे बेचाळीस आकडा आला. रक्तदाबही वर होता.

सिस्टरांनी आकडा सांगितला. तो चकित झाला नाही. खाली बघत, अडखळत त्याने सांगितलं, की वर्ष झालं, तहान भागत नाही. दर तासाला उतरावं लागतं आणि शिडीला अडतीस पायऱ्या आहेत, म्हणून वर केबिनमध्ये रिकामी बाटली नेतो. दोनदा डोळ्यांपुढे अंधारी आली. तेव्हा हूक जागच्या जागी थांबवून, डोळे मिटून बसला होता. बायकोलाही सांगितलं नव्हतं.

“दोन मुलींची शिक्षणं चाललीत, सिस्टर. क्रेन सोडली तर मला दुसरं येतं काय?”

“माझा थोरला भाऊ ट्रक चालवायचा,” सिस्टर म्हणाल्या. “साखर निघाली तर परवाना जाईल म्हणून त्याने कधी तपासलीच नाही. शेवटी पाय कापावा लागला. मग परवाना आपोआपच गेला.”

पहिलवान म्हणाला, “चिठ्ठी लिहून घ्या डॉक्टरांकडून.”

दुसऱ्या दिवसापासून तो स्टोअरच्या खिडकीत बसून नटबोल्ट देऊ लागला. पगार तोच होता, पण पहिले काही दिवस तो कुणाच्या नजरेला नजर देईना. छपराखालून पाच पाच टनांचा माल फिरवलेला माणूस, आणि आता वॉशर मोजतोय. कोणी विचारलंच तर गुडघा दुखतो म्हणायचा. बायकोला मात्र त्याने खरं सांगितलं. ती सुटीच्या दिवशी दवाखान्यात आली आणि काय शिजवू, किती वाढू, सगळं वहीत लिहून घेऊन गेली. जाताना म्हणाली, वर्षभर रात्री चार चार वेळा उठतात, आणि मला म्हणायचे, उकडतंय.

हळूहळू आणखीही काही बदललं. साहेबांनी उपाहारगृहातलं तळण आठवड्यातून दोनच दिवसांवर आणलं. चहातली साखर वेगळी द्यायला सुरुवात केली. दोन दिवस कुरकुर झाली, तिसऱ्या दिवशी लोक विसरले. जेवणानंतर आवाराला चकरा मारायला आधी चौघी बायका निघाल्या. पुरुष खिदळले, मग मागून चालू लागले, कारण आत बसून बोलायला कोणी उरलं नाही. पहिलवान सगळ्यांच्या मागे, धापा टाकत. तिसऱ्या महिन्यात त्याच्या पट्ट्याला मोच्याकडून दोन नवी भोकं पाडून घ्यावी लागली, आणि ती तो कुणी न विचारताच दाखवू लागला.

सगळ्यांचंच बरं झालं असं नाही. भट्टीवरचा एकजण तपासणीला नाही म्हणाला तो नाहीच. एके दिवशी कामावरच त्याचा डावा हात लुळा पडला. सिस्टर त्याला रुग्णालयात भेटून आल्या आणि दोन दिवस कुणाशी फारसं बोलल्या नाहीत. पण पुढच्या आठवड्यात भट्टीवरचे अकरा जण रांगेत होते.

पाचव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी दोनदा तपासून पहिलवानाची नवी चिठ्ठी लिहिली. गोळ्या आणि तपासणी चालू ठेवून वर जायला हरकत नाही.

त्या सकाळी सिस्टर खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. पहिलवानाने शिडीला हात लावला, एकदा वर पाहिलं आणि चढायला लागला. अर्ध्यावर क्षणभर थांबला, मग न थांबता वर गेला. केबिनचं दार लागलं. भोंगा वाजला. हूक खाली आला, पाइपांची मोळी अलगद उचलली गेली आणि लोकांच्या डोक्यावरून संथपणे पलीकडे निघाली.

खाली कुणीही मान वर करून पाहिलं नाही. ज्याचं त्याचं काम चालू होतं.